होळीला दिलेली वीत

मित्रांनो, मी शेवयांचा पाट. वयाने जुना, रंगाने काळा, आणि आता पहिल्यापेक्षा एका वितीने आखूड. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा पाट पाहिला नसेल, कारण तुमच्या घरी शेवया पाकिटातून येतात. म्हणून आधी मी कोण ते सांगतो. मग ती वीत कुठे गेली तेही सांगतो.

खानापूरकडच्या रानात एक फणस होता, त्याच्या खोडातला मी. आमच्या येळ्ळूरच्या ज्योतिबा सुतारांनी मला कापलं, रंधा मारला आणि माझ्या अंगावर बारीक बारीक खाचा ओढल्या. तेव्हा मी हळदीसारखा पिवळा होतो. मारुतीरावांचं लग्न होऊन जयाबाई या घरात आली, त्या साली तिच्या सासूने मला घडवून घेतलं. मला भिंतीला टेकवून ज्योतिबा म्हणाले होते, "घ्या, नातवंडं खेळली तरी ह्यो झिजायचा न्हाय."

माझं काम सोपं आहे. एक टोक ट्रंकेवर ठेवायचं, दुसरं जमिनीवर. वरच्या टोकावर बाई बसते, घोड्यावर बसावं तशी. मळून मळून रेशमासारखा केलेला कणकेचा गोळा ती खाचांवर ठेवते आणि दोन्ही तळव्यांनी पुढे रेटत जाते. खाली दुसरी बाई बसलेली असते. तिच्या हातात तार येते. ती तार ओढायची, तोडायची नाही, अलगद काठीवर टाकायची. होळी झाली, ऊन तापायला लागलं, की गल्लीतल्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमायच्या. आज तुझ्या शेवया, उद्या माझ्या. माझ्या पाठीवर गाणी व्हायची. जयाबाईचा गळा फार गोड नव्हता, पण तिला कडवी पाठ होती:

"शेवयाची गं तार, तुटू न्हाय दिली बाई,
लेकीच्या गावाला, वाट तिनं नेली बाई."

हे कडवं म्हणायची तेव्हा तिची लेक मंगल अजून लहान होती. माझ्या खालच्या टोकाला बसून तार धरायची. हाताला तेल लावून बसायची आणि पुन्हा पुन्हा माझ्या टोकाला हात पुसायची. आई ओरडायची, "मंगल, पाटाला कशाला पुसतीस गं? लुगडं हाय का त्ये तुझं?" मंगल हसायची आणि पुन्हा पुसायची. त्या तेलाचा डाग माझ्या खालच्या टोकावर आहे. तो अजून गेलेला नाही.

मग मंगलचं लग्न झालं. चिकोडीला, नागेंद्र नावाच्या मुलाशी. त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. तिकडे खपली गहू चांगला होतो. दर वर्षी माघ सरता सरता मंगल खपलीचं पोतं पाठवायची आणि चैत्रात जयाबाई त्याच खपलीच्या शेवया करून डबा भरून चिकोडीला धाडायची. दाणा लेकीच्या गावाहून यायचा, तार लेकीच्या गावाला जायची. मध्ये मी.

पुढे गावात शेवयांचं यंत्र आलं. बायांचं एकमेकींकडे जाणं थांबलं. जयाबाईचा मुलगा विक्रम बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लागला, तो म्हणायचा, "आई, कशाला कंबर मोडून घेतीस? घमेलंभर पीठ न्हेऊन दे, अर्ध्या तासात मोकळी." घरच्या शेवया जयाबाई यंत्रावरच करून आणू लागली. चिकोडीच्या डब्यासाठी मात्र मला बाहेर काढायची. वर्षातून एकदा. बाकीचे दिवस मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभा, अंगावर जुनं पातळ गुंडाळलेलं. याला उपेक्षा म्हणतात का, मला माहीत नाही. मला त्यात काही कमी वाटलं नाही. वर्षातून एकदा बोलावणारं कुणी असलं की लाकडाला पुरतं.

गेल्या भातलावणीच्या दिवसांत मंगल गेली. कावीळ झाली होती.

मी रडणं ऐकलं नाही. म्हणजे लोकांचं ऐकलं, जयाबाईचं नाही. ती चिकोडीहून परत आली, हातपाय धुतले, चुलीपुढे बसली आणि कालच्या भाकरीचे तुकडे वाटीत कुस्करत राहिली. मग ते कोंबड्यांना घातले. त्यानंतर ती रोज उठायची, झाडायची, रांधायची, शेतावर जायची. सगळं व्हायचं. तापलेल्या तव्याला बोट लागायचं आणि ती ते लगेच काढून घ्यायची नाही. चहा उतू जायचा, ती बघत असायची. मारुतीराव आमटी अळणी असली तरी बोलत नसत. मीठ दोनदा पडलं तरी बोलत नसत. घरात चार शब्द उरले होते.

"जेवलास?" जयाबाई विक्रमला विचारायची.

"व्हय."

"शिफ्ट?"

"सकाळची."

भात निघाला. त्या वाफ्यांत मसूर पेरला, तो उगवला, काढला, झोडपला. थंडी गेली. आमच्या परसातल्या आंब्याला मोहर आला आणि त्याचा वास दारामागे माझ्यापर्यंत पोचला. गावाजवळच्या गडाच्या उतारावर पळस फुललाय, असं येणारेजाणारे सांगत. काजूला फूल धरलं होतं. माठ आतून बाहेर आला. विक्रमने स्वेटर खुंटीला अडकवला तो परत घातला नाही. वसंत आला म्हणतात तो असा आला. सगळ्यांच्या दारात आला तसाच आमच्याही दारात आला, पण आमच्याकडे कुणी उठून त्याला पाट दिला नाही.

तुम्हांला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. नाही. फणस तोडला तेव्हाच माझं वाईट वाटणं संपलं. मी फक्त बघत होतो.

अशात एके दिवशी चिकोडीहून पोतं आलं. पाठवणारी नव्हती, तरी आलं. गाडीवाल्याने उतरवलं, मारुतीरावांनी कोपऱ्यात ठेवलं. कुणी त्याचं तोंड सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मंगलची मुलगी सौम्या, इयत्ता तिसरी. तिचा आवाज फोनमधून बाहेर येण्याइतका मोठा आहे.

"आज्जी, पप्पांनी खपली पाठवलीया. पोचली?"

"पोचली."

"मग शेवया कवा करणार?"

जयाबाईने पोत्याच्या बांधलेल्या तोंडाकडे बघितलं.

"आज्जी? औंदा करणार न्हाईस व्हय गं?"

"बघू," जयाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर गोडाचं काही करत नाहीत. सणाला पोळी लाटत नाहीत, शेवया तर नाहीच. शेजारीपाजारी ताट आणून देतात, ते खायचं. लेक दुसऱ्या घरची झाली तरी जयाबाईने वर्ष पाळायचं ठरवलं होतं. ते मोडलं तर दोष. आणि शेवया गेल्या नाहीत तर काय? तेही त्याच दुपारी कळलं. शेजारची अंबुबाई उंबऱ्यावर बसून पान लावत होती. तिच्या तोंडाला झाकण नाही.

"जया, खरं सांगू? जावई चांगला हाय म्हणून पोतं आलं. पण माणूस किती दिवस एकटा ऱ्हाईल? आज न्हाय उद्या दुसरी आणंल. मग त्या पोरीला आजोळ म्हणून काय राहील गं? एक शेवयाचा डबा तेवढा हाय. त्यो औंदा चुकला, की पुढच्या साली कोण पोतं पाठवतंय?"

जयाबाई म्हणाली, "वर्ष हाय न्हवं."

"त्ये बी खरंच," अंबुबाई म्हणाली आणि पान तोंडात टाकलं.

ती गेल्यावर जयाबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पातळावरून हात फिरवला. हात थंड होता. बराच वेळ ती तशीच उभी होती. मारुतीराव शेतावरून आले, त्यांनी दारातून ते पाहिलं आणि पाय न वाजवता मागे फिरले.

मारुतीराव वाईट माणूस नाहीत. पण ज्याच्या घरात चार शब्द उरलेत, तो पाचवा शब्द विचारायला घाबरतो. त्यांनी मनाशी ठरवलं, की या पाटामुळे हिला त्रास होतोय, पाट डोळ्यांपुढून जायला हवा. विकणं बरं दिसत नाही. फोडून चुलीत घालणं तर त्याहून वाईट. शिमगा तोंडावर होता. जयाबाई मसूर निवडायला अंबुबाईकडे गेली होती, तेवढ्यात त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत, जिथे गावची होळी रचतात, तिथे नेऊन ठेवलं. वाटेत मला म्हणाले, "देवाला चाललास बाबा. वंगाळ जागी न्हाई."

मित्रांनो, होळीला घातलेलं लाकूड परत घेत नाहीत. पोरं कुणाच्या दारातला ओंडका पळवून नेतात, तरी धनी फक्त बोंब मारतो, लाकूड मागत नाही. मागितलं तर गावाला चांगलं नाही, असं समजतात. मी होळीच्या मधोमध रोवलेल्या एरंडाला टेकून पडलो. माझ्यावर तुराट्या पडल्या, शेणी पडल्या, मोडकी खुर्ची पडली, कुणाच्या तरी सोफ्याचा पाय पडला. मला भीती वाटली नाही. मोहराचा वास तिथेही येत होता.

संध्याकाळी ढोल आले. तरुण मंडळाचा परशराम हातात माइक घेऊन सगळ्यांना मागे सरा, मागे सरा म्हणत होता. तेव्हाच जयाबाई आली. अनवाणी. घरी गेल्यावर तिला दारामागची भिंत दिसली असणार. जिथे मी उभा असायचो तिथे चुना अजून पांढरा आहे.

ती सरळ होळीच्या ढिगाशी गेली. तुराट्या बाजूला करू लागली.

"ओ आक्का! आक्का, काय चाललंय?" परशराम माइकवरूनच ओरडला. सगळं गाव वळलं.

"पाट हाय माझा."

"आक्का, होळीत पडलेलं परत न्हेत न्हाईत. तुमास्नी म्या सांगायचं व्हय?"

जयाबाईने माझं वरचं टोक तुराट्यांतून ओढून बाहेर काढलं. अर्धा मी होळीत, अर्धा बाहेर. ती माझ्यावर बसली, घोड्यावर बसतात तशी, जशी शेवया करायला बसायची. पदर खोचला.

"पेटवा," ती म्हणाली.

ओरडली नाही. ताट वाढा म्हणावं तसं म्हणाली. ढोल थांबला. परशरामने माइक खाली केला.

गर्दीतून मारुतीराव पुढे आले. "जया, ऊठ. म्या दिलाय त्यो. कुणी पळवला न्हाय."

"ठावं हाय."

"तुला बघवंना म्हणून दिला गं. पाटाफुडं हुबी ऱ्हायचीस..."

"मला तेवढंच बघवत हुतं," जयाबाई म्हणाली.

मारुतीरावांनी टोपी काढली आणि परत घातली.

मग अंबुबाई आली. ती आली की आधी तिचा आवाज येतो. "काय रं परशा, एवढा मोठा माइक घेऊन हुबा ऱ्हायलास, तुला पाट आणि लाकूड यातलं कळंना? तुझ्या उष्टावणाला ह्याच पाटावरच्या शेवयांची खीर झालती. लई खाल्लीस, आणि आईच्या लुगड्यावर वकलास!"

लोक हसले. परशरामही हसला, पण हलला नाही. "आज्जी, म्या कोण न्हाई म्हणणारा? पण रीत हाय. उद्या गावात काय वाईट झालं तर मंडळावर येतंय."

"मग रीतीनंच करू या. होळीनं काय सगळा पाटच मागितलाय? घास दिला की देव गप बसतोय. कुठं हाय त्यो ज्योतिबा?"

ज्योतिबा गर्दीत मागे होते. आता त्यांचं वय झालंय. त्यांचा मुलगा बेळगावात सनमायकाची कपाटं करतो. पण करवत घरी असते. ती आणायला नातवाला पिटाळलं. करवत आली तसे ते माझ्याजवळ बसले, चष्मा पुसला, माझ्या खाचांवरून अंगठा फिरवला. "माझ्याच हातानं आलास आणि माझ्याच हातानं तुटायचास व्हय रं," म्हणाले. मग वर बघून विचारलं, "जयाक्का, कुठनं कापू? खालनं कापलं तर बरं. वरनं कापलं तर तुमची बसायची जागा जाईल, खाचांवर बसावं लागंल. तार आखूड पडंल."

जयाबाई उठली. खालच्या टोकाकडे वाकून बघितलं. तिथे तेलाचा डाग होता.

"माझ्याकडनं काप," ती म्हणाली. "पोरीकडचं ऱ्हाऊ दे."

मारुतीरावांनी एका बाजूने मला धरलं, परशरामने दुसऱ्या. करवत फिरली.

तुम्ही विचाराल, दुखलं का. नाही दुखलं. पण भुसा खाली पडला आणि ज्योतिबा थांबले. "बघा," म्हणाले. सगळ्यांनी वाकून बघितलं. इतकी वर्षं लोटली, तेल प्यालो, धूर खाल्ला, बाहेरून काळाकुट्ट झालो. आतून मी अजून पिवळा होतो. मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

ती वीत जयाबाईने आपल्या हाताने होळीत ठेवली. मग होळी पेटली आणि गावाने बोंब ठोकली. मला मारुतीरावांनी खांद्यावर घरी आणलं. पण ते पुढे आणि ती मागे असं रोजचं चालणं होतं, ते त्या दिवशी झालं नाही. माझं एक टोक तिने धरलं होतं.

पाडवा झाला. पोळीचं ताट शेजारून आलं. त्यानंतर एका सकाळी अंबुबाई दारात येऊन म्हणाली, "तुझ्या घरात वर्ष हाय, माझ्या घरात न्हाय. चूल माझी, फुडचा सोपा माझा, ऊन बी माझ्या अंगणातलं. तू नुसती शेजारीण म्हणून हात लावायला ये. पाट घेऊन ये, आणि त्ये पोतं बी आण, न्हाईतर किडं पडतील." यात दोष आहे का नाही, यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं आहे, कुणी म्हणालं नाही. अंबुबाई म्हणाली, "दोष असला तर माझ्या नावावर घाला. माझी जायची येळ तशीबी आलीया."

खपली उखळात कांडून सडली, दळली, वस्त्रगाळ केली. कणीक मळली. जयाबाई माझ्यावर बसली. जागा उरली नव्हती म्हणून खाचांवरच बसली. पहिली तार तुटली. दुसरी तुटली. तळवे फिरत होते, पण त्यांना कणीक कळत नव्हती. खाली अंबुबाई बसली होती, तुटकी तार उचलून परातीत टाकत होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. मग तिने गाणं धरलं. तिचा आवाज फाटका आहे.

"शेवयाची गं तार, तुटू न्हाय दिली बाई..."

पुढची ओळ तिला आठवेना. पुन्हा तीच म्हटली. पुन्हा अडली. तिसऱ्यांदा अडली तेव्हा जयाबाई म्हणाली, गायली नाही, नुसती म्हणाली, "लेकीच्या गावाला, वाट तिनं नेली बाई."

ती तार तुटली नाही. अंबुबाईच्या हातापर्यंत गेली, काठीवर पडली. तळवे माझ्यावरून गेले ते गरम होते. मला ते कळलं. मी लाकूड आहे, पण मला ऊन आणि हात यांतला फरक कळतो.

डबा घेऊन मारुतीराव स्वतः चिकोडीला गेले. आल्यावर जेवताना सांगत होते, बऱ्याच महिन्यांनी काहीतरी सांगत होते. "बसमदी कानडी कंडक्टर म्हणाला, 'एन री अज्जा, डब्यात काय?' म्या म्हणालो, 'शावगी, मोम्मगळिगे.' नातीला शेवया चालल्यात म्हणालो. तर त्यानं डबा स्वतःच्या सीटवर ठिवला. वर ठिवला तर मोडतील म्हणाला."

"जावई काय म्हणाला?" जयाबाईने विचारलं.

"काय न्हाय. डबा घेतला आणि आत गेला. जरा वेळानं आला. पुढच्या साली पोतं माघातच पाठवतो म्हणाला."

त्याच दिवशी सौम्याचा फोन आला.

"आज्जी! शेवया आखूड हैत गं औंदा!"

"व्हय. पाट आखूड झाला."

"का?"

"शिमग्याला भूक लागलती. त्यानं जरा खाल्ला."

पलीकडे सौम्या खदाखदा हसली. इतकं, की विक्रम आतून बघायला आला. जयाबाईच्या तोंडाला काहीतरी झालं. ते हसू होतं का, ते मी सांगणार नाही. मी ते नीट पाहिलेलं नाही आणि नसलेलं सांगू नये.

"पण तुटलेल्या न्हाईत ना?" तिने विचारलं.

"न्हाईत. सगळ्या आखूड, पण आख्ख्या हैत."

"मग बास," जयाबाई म्हणाली.

मित्रांनो, एवढीच माझी गोष्ट. मोहर गळून आता आंब्याला कैऱ्या लागल्यात. मी परत दारामागे उभा आहे. पांढऱ्या चुन्याचा वरचा तुकडा आता उघडा दिसतो, कारण मी तिथपर्यंत पोचत नाही. तो कुणी काळा केला नाही आणि रंगवलाही नाही.

तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कापड गुंडाळून उभी असेल. घरातलं कुणीतरी गप्प झालं असेल आणि त्या वस्तूपुढे उभं राहत असेल. तर ती वस्तू हलवू नका. चांगल्या मनाने हलवत असलात तरी हलवू नका. आधी जवळ जा आणि विचारा. उत्तर येणार नाही. तरी तिथेच थांबा. आणि त्या वस्तूचं दुसरं टोक धरायला कुणी नसेल, तर ते तुम्ही धरा.

माझ्या अंगावर आता पातळ नाही. जयाबाईने ते काढून धुतलं आणि वाळत घातलं. परत गुंडाळलं नाही.